चिमुकल्या ठेवी

भारत सरकारने २००३ साली काढलेले दोन रुपयांचे एक नाणे आजही अधूनमधून हाती लागते. त्याच्या एका बाजूस अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा आहे. दुसऱ्या बाजूस मात्र कोणी राष्ट्रपुरुष नाही, धान्याचे कणीस नाही की देशाचा नकाशाही नाही. तेथे उभा आहे एक हत्ती. अंगात रेल्वेच्या गार्डचा गणवेश, डोक्यावर टोपी आणि हाती कंदील! भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे स्मारक म्हणून निघालेल्या या नाण्यावर व्यंगचित्रशैलीतील एक पात्र सन्मानाने विराजमान झाले. बँकांच्या रोखपालांच्या बोटांखालून अशी कितीतरी नाणी गेली असतील. पैकी फार थोड्यांकडे कोणी क्षणभर थांबून पाहिले असेल.

या हत्तीचे नाव भोलू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी निघाली. त्या घटनेच्या दीडशेव्या वर्षाचा आरंभ म्हणून राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने हे बोधचिन्ह घडविले आणि १६ एप्रिल २००२ रोजी ते प्रथम लोकांसमोर आले. हा मान मुंबईला मिळाला नाही, दिल्लीलाही नाही. तो मिळाला बंगळुरूला. त्या सायंकाळी बंगळुरू स्थानकाच्या पहिल्या फलाटावरून निघालेल्या कर्नाटक एक्स्प्रेसला भोलूने हिरवा कंदील दाखविला. महोत्सव संपल्यावरही रेल्वेने त्याला निवृत्त केले नाही. २००३ मध्ये तो तिचे कायमचे बोधचिन्ह झाला.

भोलूचे नाणे ही विकत न घेता घरी येणारी स्मृतिवस्तू आहे. बाकीच्या वस्तूंसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. करमणूक उद्यानाच्या दारातील दुकानातून घेतलेली किल्लीची साखळी, मिकी माऊसचा बिल्ला, शीतपेयाच्या बाटलीचे झाकण, विमानात मिळालेला पत्त्यांचा जोड, व्यंगचित्र छापलेला कप अशा वस्तू मध्यमवर्गीय घराच्या कपाटात कोठेतरी असतातच. त्या जमविणाऱ्यास कोणी छांदिष्ट म्हणतात, कोणी चेष्टेने ‘अजून लहानच आहे’ असेही म्हणतात. तरीही या छंदाला इतिहास आहे, अर्थकारण आहे आणि एक धोकाही आहे. ज्याच्याजवळ त्या वस्तूची आठवण आहे तो माणूस दूर झाला, की वस्तू मुकी होते. तिचे मोल वस्तूत थोडे आणि तिच्याविषयीच्या माहितीत फार असते. ती माहिती कोठे लिहिलेली नसेल, तर संग्रहाची रद्दी होण्यास एक घरबदल पुरे होतो.

उद्यानाच्या दारातील दुकान

चित्रातील पात्राला वस्तूचे रूप देऊन विकण्याची कला अमेरिकेत बहरली. ‘स्टीमबोट विली’ हा मिकी माऊसचा बोलपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी प्रदर्शित झाला. थोड्याच वर्षांत त्या उंदराची कापडी बाहुली, पेन्सिलपेटी, कप आणि थाळ्या बाजारात आल्या. १९३३ मध्ये इंगरसोल कंपनीने मिकीचे मनगटी घड्याळ काढले. त्यात मिकीचे दोन हात हेच तासकाटा आणि मिनिटकाटा होते. जागतिक मंदीचे ते दिवस होते. घड्याळाच्या खपाने अडचणीत आलेल्या कंपनीस हात दिला. पुढच्याच वर्षी लायोनेल या खेळण्यांच्या आगगाड्या करणाऱ्या कंपनीसही मिकी आणि मिनी यांच्या हातगाडीने सावरले. ज्यांच्या खिशात जेमतेम पैसे होते, त्यांनीही मुलांसाठी एवढी एक चैन केली, असा याचा अर्थ.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले आणि पात्रे राहतात ते ‘गाव’ प्रत्यक्षात आले. गाव म्हटले की परतताना आठवण आणणे ओघानेच आले. पंढरपूरहून बुक्का व चुरमुरे, जेजुरीहून भंडारा आणि कोल्हापूरहून चप्पल आणणाऱ्या मराठी माणसास हे वेगळे सांगावयास नको. यात्रेकरू आणि पर्यटक यांच्या पिशवीत या बाबतीत फारसे अंतर नाही. ‘मी तेथे जाऊन आलो’ याची ती खूण असते आणि ‘तेथेही तुमची आठवण ठेवली’ याची ती पावती असते.

बँकेशी संबंध असलेल्यांना डिस्नेचा आणखी एक उपक्रम विशेष रंजक वाटेल. १९८७ मध्ये या कंपनीने आपल्या उद्यानांसाठी ‘डिस्ने डॉलर’ नावाच्या नोटा काढल्या. एका डॉलरच्या नोटेवर मिकी, पाचाच्या नोटेवर गूफी आणि पुढे १९८९ मध्ये आलेल्या दहाच्या नोटेवर मिनी. खरा एक डॉलर दिला की असा एक डॉलर मिळे आणि उद्यानातील दुकानांत तो चाले. प्रत्यक्षात कित्येकांनी त्या नोटा खर्च न करता घरी नेल्या. जी नोट परत येत नाही, तिच्या बदल्यात वस्तूही द्यावी लागत नाही. रोख्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर ती कंपनीला मिळालेली बिनव्याजी आणि बहुधा बिनपरतीची ठेवच! २०१६ मध्ये या नोटांची विक्री थांबली. आता त्या संग्राहकांच्या वह्यांत आहेत.

परदेशी उद्यानांत आढळणारी दुसरी गंमत म्हणजे दाबून लांबट केलेले नाणे. यंत्रात एक सेंटचे नाणे टाकून दांडा फिरविला, की ते चपटे होऊन त्यावर एखादे पात्र उमटते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात अशी नाणी प्रथम विकली गेली. भारतात मात्र हा खेळ कोणी करू नये. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणे वितळविणे अथवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. भोलू जपायचा तो जसा आहे तसाच जपावा!

दोन हत्ती, एक महाराजा आणि एक सामान्य माणूस

आपल्याकडील पात्रांमध्ये स्मृतिवस्तूंच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत कोण, याचे उत्तर ‘महाराजा’ असे द्यावे लागेल. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत एअर इंडियाच्या या यजमानास जन्म दिला. पीळदार मिशा, भलेमोठे पागोटे आणि अदबीने लवलेली मान घेऊन तो पोस्टरांवर आला, पत्त्यांवर, पुस्तिकांवर आणि छोट्या मूर्तींच्या रूपाने प्रवाशांच्या घरोघरी पोहोचला. विमानात कधीही न बसलेल्या माणसांच्या दिवाणखान्यातही हा महाराजा वाकून उभा असे, तो बहुधा कोणा नातेवाइकाने दिलेला.

याच कंपनीने १९६७ मध्ये जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून प्रथम वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी चिनीमातीची एक रक्षापात्रिका घडवून घेतली. तिच्या आधारांची आकृती सरळ पाहिली तर हत्तीचे मस्तक आणि उलटी केली तर राजहंस, अशी दुहेरी होती. मानधन म्हणून दाली यांनी मागितले ते हत्तीचे पिल्लू! एअर इंडियानेही ते दिले. हे पिल्लू बंगळुरूहून माहुतासह विमानाने जिनिव्हाला आणि तेथून मालमोटारीने स्पेनमधील काडाकेस या गावी गेले. आज त्या रक्षापात्रिका संग्राहकांना मोलाच्या वाटतात. ही कथा माहीत नसणाऱ्याच्या हाती मात्र ती पडली, तर विडीची राख झाडण्याची एक विचित्र बशी, एवढेच तिचे वर्णन होईल.

तिसरा मानकरी म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ चा, म्हैसूरचा. कर्मभूमी मुंबई आणि अखेरचा मुक्काम पुणे. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच ते निवर्तले. चौकटीचा कोट आणि धोतर नेसलेला त्यांचा अबोल नायक वृत्तपत्राच्या चौकटीतून केव्हाच बाहेर पडला. टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशे वर्षांनिमित्त १९८८ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावर तो आला. २००१ मध्ये पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेत आणि २००७ मध्ये मुंबईत वरळीच्या सागरकिनारी त्याचा पुतळा उभा राहिला. २००३ मध्ये बंगळुरूहून उड्डाणे सुरू करणाऱ्या एअर डेक्कनने तर त्यालाच आपले बोधचिन्ह केले. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने हिंडणाऱ्याला स्वस्त विमानात बसविण्याची ती घोषणाच होती. ती कंपनी पुढे किंगफिशर एअरलाइन्समध्ये विलीन झाली. सामान्य माणसाचे चित्र असलेला तिचा एखादा कागद कोणी जपला असेल, तर तो देशाच्या हवाई प्रवासातील एका वळणाचा पुरावा ठरतो.

चौकटीतील चित्रांना बंगळुरूने हक्काचे घरही दिले आहे. महात्मा गांधी रस्त्याच्या टोकाशी, ट्रिनिटी सर्कलजवळील मिडफर्ड गार्डन भागात भारतीय व्यंगचित्रकार संस्थेने २००७ मध्ये ‘इंडियन कार्टून गॅलरी’ सुरू केली. देशभरातील व्यंगचित्रकारांची प्रदर्शने तेथे भरतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रिगेड रस्ता आणि चर्च स्ट्रीट. १९४५ पासून जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणारे सिलेक्ट बुक शॉप याच परिसरातले. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक शोधणारे चिकाटीने जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालतात. ते अंक मराठीतही निघत असत. वेताळ आणि मँड्रेक यांच्याबरोबर ज्यांचे बालपण गेले, त्यांना पिवळ्या पडलेल्या त्या पानांचा वास वेगळा सांगावा लागत नाही. २०१२ पासून शहरात ‘कॉमिक कॉन’चा मेळावाही भरू लागला. पात्रांची वेशभूषा केलेली तरुण मंडळी, बिल्ले आणि छोट्या मूर्ती यांची तेथे झुंबड असते.

म्हैसूरच्या वाटेवर

शहराबाहेर म्हैसूरच्या दिशेने निघाले, की सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर बिडदीजवळ २००५ मध्ये सुरू झालेले वंडरला हे करमणूक उद्यान लागते. पाण्याच्या घसरगुंड्यांवरून उतरून दमलेली मुले बाहेर पडताना दुकानापाशी हटकून थांबतात आणि पालकांचा हात खिशाकडे जातो. त्याच रस्त्याने पुढे रामनगरानंतर चन्नपट्टण येते. लाखेच्या रंगांनी चमकणारी लाकडी खेळणी ही या गावाची ओळख आणि भौगोलिक मानांकनाची मोहोरही तिला लाभलेली आहे. एका बाजूस साच्यातून निघालेले प्लास्टिकचे पात्र, दुसऱ्या बाजूस कातावर फिरवून घडविलेली लाकडी बाहुली! दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात आणि पुष्कळदा एकाच फळीवर उभ्या राहतात.

ती फळी कोणती, हे पाहावयाचे तर नवरात्रात बंगळुरूत असावे. जुन्या म्हैसूर भागातील घराघरांत तेव्हा ‘गोंबे हब्ब’ म्हणजे बाहुल्यांचा सण मांडला जातो. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीत राजा-राणीच्या लाकडी जोडीला, ‘पट्टद गोंबे’ला, मान असतो. ही जोडी माहेरहून लेकीला देण्याची रीत आहे. तिच्याखाली देव, दशावतार, वाण्याचे दुकान, लग्नाची वरात अशी चित्रे मांडतात. दरवर्षी निदान एक नवी बाहुली आणावी, अशी प्रथा असल्याने या मांडणीत काळाचे थर साचत जातात. आजीच्या काळातील मातीची गवळण, आईच्या काळातील क्रिकेटचा संघ आणि नातवंडांचा छोटा भीम हे सारे तेथे गुण्यागोविंदाने नांदतात.

मराठी घरांनाही ही दृष्टी परकी नाही. चैत्रगौरीपुढील आराशीत घरातील यच्चयावत खेळणी मांडली जात. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज, मावळे आणि तोफा यांच्या शेजारी बिस्किटाच्या पुड्यातून निघालेला वाघ पहारा देत असे. कामानिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या गॅलरीत आजही कुंड्यांच्या आडोशाने असा किल्ला उभा राहतो आणि शेजारचे कन्नड कुटुंब आपल्या गोंबे हब्बाचे आमंत्रण देते. संग्रह कपाटात कोंडून न ठेवता वर्षातून एकदा मांडावा, पाहुण्यांना दाखवावा आणि प्रत्येक वस्तूची गोष्ट मोठ्याने सांगावी, ही या सणांची खरी शिकवण आहे. सांगितलेली गोष्टच पुढच्या पिढीच्या कानी पडते.

किंमत आणि मोल

छंदात पैसा शिरला, की डोळ्यांवर झापड येण्यास वेळ लागत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये बाजारात आलेल्या ‘बीनी बेबीज’ या छोट्या मऊ प्राण्यांचे उदाहरण बोलके आहे. कंपनी एकेक नमुना बंद करीत जाई आणि टंचाईमुळे जुन्या नमुन्यांचे भाव चढत. मुलांच्या शिक्षणाची तरतूद समजून लोकांनी त्या बाहुल्या खोक्यांत भरून ठेवल्या. १९९९ मध्ये लास वेगास येथील न्यायालयात घटस्फोटित दांपत्यास असा संग्रह जमिनीवर मांडून एकेक करून वाटून घ्यावा लागला. पुढे ज्वर ओसरला आणि बहुतेक बाहुल्या मूळ किमतीलाही कोणी विचारीनासे झाले. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ राहत नाही, हा साधा हिशेब त्या धुंदीत विसरला गेला होता. मुदत ठेवीला व्याज असते, कर्जरोख्याला परतफेडीचे वचन असते. मिकीच्या बिल्ल्यास यांपैकी काहीही नसते. म्हणून तो आनंदासाठी घ्यावा आणि आनंदाला झेपेल तेवढ्याच पैशात घ्यावा.

नाण्यांच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत असतात. विक्री ठरल्याचे भासवून आधी शुल्क, कर किंवा दलाली भरावयास सांगायची आणि पैसे मिळताच नाहीसे व्हायचे, अशी ही रीत आहे. अशा व्यवहारांत काही मंडळी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरतात, असे आढळल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला. आपण अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. निवृत्तीनंतर जुने नाणे घेऊन शाखेत उत्सुकतेने येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकाला खिडकीवरील कर्मचाऱ्याने हे दोन मिनिटे समजावून सांगितले, तर त्याची आयुष्याची पुंजी वाचू शकते. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

संग्रहाची खतावणी

बदलीच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी संसार खोक्यांत भरावा लागतो. बँक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना याचा अनुभव पुरेपूर असतो. सामान कमी करण्याची वेळ आली, की प्रथम निरोप मिळतो तो अशा ‘निरुपयोगी’ वस्तूंना. मुले मोठी होऊन परगावी जातात, जुने घर विकले जाते आणि आईने जपलेला बिल्ल्यांचा डबा भंगारवाल्याच्या तराजूत पडतो. त्यात कोणाचा दोष असतो असेही नाही. कशाचे काय मोल, हे सांगणारा कागदच डब्यात नसतो.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि बँकेच्या माणसास तो चटकन पटेल. संग्रहाची एक खतावणी ठेवावी. शंभर पानी वहीत पाच रकाने आखावेत: वस्तू कोणती, कोठे मिळाली, केव्हा मिळाली, कोणी दिली किंवा किती रुपयांस घेतली आणि तिची आठवण कोणती. प्रत्येक वस्तूस क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून वस्तूसोबत ठेवावा. चिकटपट्टी वा गोंद वस्तूस लावू नये. त्याचे डाग पुढे निघत नाहीत. नाणी चिंच किंवा पावडर लावून घासू नयेत. झळाळी येते, पण पृष्ठभाग झिजतो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत नाण्यांवर कालांतराने हिरवट, चिकट थर चढतो, म्हणून ती टाळावीत. प्लास्टिकची खेळणी थेट उन्हात ठेवल्यास पिवळी पडतात आणि डांबरगोळ्यांच्या सान्निध्यात काही प्लास्टिके विरघळू लागतात. कागदी वस्तूंना रबरबँड लावणे तर कटाक्षाने टाळावे. पावसाळ्यानंतर कोरड्या हवेत सगळा संग्रह एकदा बाहेर काढून पाहावा. तो मांडण्यासाठी नवरात्राचा मुहूर्त त्या दृष्टीनेही योग्यच आहे.

वहीचे शेवटचे पान वारसासाठी राखून ठेवावे. ठेवीला नामनिर्देशन करण्याचा आग्रह बँक धरते. संग्रहालाही ते हवे. कोणत्या वस्तू नातीला द्यावयाच्या, कोणत्या एखाद्या शाळेला वा संग्रहालयाला आणि कोणत्या निःशंक मनाने टाकून द्यावयाच्या, हे संग्राहकाने स्वतः लिहून ठेवावे. टाकण्याची परवानगी देणे हीदेखील मागे राहणाऱ्यांवरची कृपाच असते. ज्यांच्या घरी आजीआजोबा आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी डबा उघडून त्यांच्यासमोर बसावे आणि ते सांगतील तसे लिहून घ्यावे. एका दुपारी सगळे लिहून होणार नाही. पण पहिली नोंद झाली, की पुढच्या आपोआप सुचत जातात. आठवण सांगणारे माणूस समोर आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.